बौद्ध-ख्रिस्ती लग्न: तारीख धरण्याआधी देवाचं काय ते ठरवा

बोलणी सुरू झाली की दोन्हीकडचं एखादं वडीलधारं माणूस हमखास म्हणतं, “देव एकच, नावं वेगळी.” बैठक सुरळीत पार पडावी म्हणून टाकलेलं हे वाक्य पुढे सगळ्यात जास्त घोळ घालतं. ख्रिस्ती माणसाचा देव एकच आहे खरा, पण तो नाव बदलून चालणारा नाही. आणि बौद्ध माणसाकडे नाव द्यायला देवच नाही.

म्हणून पहिलं काम: मुलगा, मुलगी आणि दोघांच्या आईवडिलांनी एकदा बसून तीन प्रश्नांची उत्तरं मोकळेपणी सांगायची. जग कोणी निर्माण केलं? माणसाला तारणारा कोणी आहे का? मेल्यावर टिकणारा आत्मा असतो का? ख्रिस्ती बाजूची उत्तरं अशी: परमेश्वराने, आहे, असतो. बौद्ध बाजूची अशी: निर्माता मानत नाही; ‘अत्ता हि अत्तनो नाथो’, म्हणजे आपणच आपले स्वामी; आणि कायम टिकणारा आत्मा नाही. इथे तडजोड शोधत बसू नका, ती निघत नाही.

ख्रिस्ती नातेवाईक विचारतात, “मग तुमच्या ग्रंथात ब्रह्मा, इंद्र आहेत ते?” आहेत. पण ते जन्मतात, मरतात आणि चुकतातही. दीघनिकाय या पाली ग्रंथातल्या केवट्ट सुत्तात, म्हणजे उपदेशात, एक भिक्खू पृथ्वी, आप, तेज, वायू ही महाभूतं कुठे संपतात हे विचारत एकेक देवलोक चढत महाब्रह्म्यापर्यंत पोचतो. महाब्रह्मा सांगतो, मी सर्व पाहणारा, मी निर्माता. भिक्खू म्हणतो, मी हे विचारलं नव्हतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर महाब्रह्मा त्याचा दंड धरून बाजूला नेतो आणि सांगतो की हे मलाही माहीत नाही, पण या देवांसमोर कसं बोलणार? जा, बुद्धांनाच विचार. देवाबद्दलची बौद्ध भूमिका समजावायला ही गोष्ट कोणत्याही व्याख्यानापेक्षा जास्त उपयोगी पडते.

दुसरा घोळ ‘भगवान’ या शब्दाचा. बुद्धवंदनेतल्या ‘नमो तस्स भगवतो’ मधला ‘भगवा’ हा पाली आदरशब्द आहे. त्याचा अर्थ ईश्वर नव्हे. फुलं वाहतानाची गाथा ख्रिस्ती सासूबाईंना अर्थासह ऐकवा: ‘पुप्फं मिलायति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं’. हे फूल जसं कोमेजतं तसं माझं शरीरही नाश पावणार आहे. नवस नाही, आशीर्वादाची मागणी नाही. मूर्तिपूजेचा आक्षेप निम्मा इथेच विरतो.

महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत नुसती सुत्तं पाहून भागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घ्या, शेजारी चर्चमधला विश्वासांगीकार (आपण काय मानतो याची ख्रिस्ती कबुली) ठेवा आणि ओळीओळीने वाचा. पहिल्या तीन प्रतिज्ञा हिंदू देवदेवता न मानण्याच्या आहेत, त्यांत ख्रिस्ती माणसाला अडचण नाही. चौथी अडते: देवाने अवतार घेतला यावर विश्वास ठेवणार नाही. तिचा रोख अवतारकल्पनेवर आहे हे उघड आहे, पण देव माणूस झाला हाच तर नाताळचा गाभा, त्यामुळे शब्द तिथेही लागतात. चोरी, खोटं, व्यभिचार यांबद्दलच्या प्रतिज्ञा दोघांनाही मान्य. सतरावी दारूबंदीची, तिच्याकडे शेवटी येऊ.

या वाचनानंतर प्रत्येक विधीला एकच कसोटी लावा. हजर राहणं, आदर दाखवणं आणि स्वतःच्या तोंडाने कबूल करणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बौद्ध जावई मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या कॅथलिक उपासनेला, बसू शकतो, उभं राहण्याच्या वेळी उभा राहू शकतो. विश्वासांगीकार म्हणायचा नाही, ख्रिस्तशरीर (मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर) घ्यायचं नाही. ख्रिस्ती सून वंदनेला बसू शकते; ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणणं ही मात्र शरण जाण्याची कबुली आहे, ती रीत म्हणून म्हणायला लावू नका.

दोन्ही धर्म जुळतात हे दाखवायला कोणी संत जोसाफातचा दाखला देईल. गोष्ट खरी आहे: बुद्धचरित्र भाषा बदलत बदलत युरोपात गेलं, ‘बोधिसत्त्व’चं ‘जोसाफात’ झालं आणि कॅथलिक यादीत संत म्हणून नाव लागलं. कान्हेरीच्या लेण्यांबद्दल लिहिताना पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कौतो यानेही या राजपुत्राचं नाव घेतलंय. पण त्या कथेत राजपुत्र शेवटी ख्रिस्ती होतो, तेव्हा जुळवाजुळवीचा पुरावा म्हणून ती वापरू नका.

आता चर्च. मुलगी किंवा मुलगा कॅथलिक असेल तर तारीख आणि हॉल ठरवायच्या आधी तिच्या किंवा त्याच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) फादरना भेटा. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायला बिशपांकडून सूट लागते. ती नसेल तर चर्चच्या लेखी लग्नच होत नाही. ही सूट मिळवण्यासाठी कॅथलिक जोडीदार वचन देतो की आपला विश्वास सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करीन. बौद्ध जोडीदाराला वचन द्यावं लागत नाही, पण त्याला हे कळवलं जातं. बहुतेक भांडणं या एका ओळीवर होतात, तीही पहिलं मूल झाल्यावर. मुलांचं काय, हे सही करण्याआधी बोला.

दोनदा लग्न लावायचा बेत असेल तर सावध. चर्चमधल्या लग्नाच्या आधी किंवा नंतर पुन्हा संमती देण्याचा धार्मिक विधी कॅथलिक कायद्यात चालत नाही. बौद्ध लग्नात घेतल्या जाणाऱ्या, सिगालोवाद सुत्तावर आधारलेल्या पतिपत्नींच्या पाच-पाच प्रतिज्ञांत देवाचा उल्लेख नसला, तरी त्या लग्नविधी म्हणून घेतल्या की प्रश्न येतो. मार्ग दोन. एक, चर्चमध्ये मिस्साशिवायचा विवाहविधी आणि नंतर घरी फक्त वंदना व जेवण. दुसरा, चर्चबाहेर लग्न करण्याची वेगळी सूट मागायची. ती गंभीर अडचण असेल तरच मिळते, म्हणून अर्जात अडचण नीट मांडा. प्रोटेस्टंट मंडळ्यांचे नियम वेगवेगळे. पाळकांना आधी विचारा.

कायद्यात सर्रास चूक होते ती अशी: नुसतं बौद्ध पद्धतीने लग्न लावायचं आणि हिंदू विवाह कायद्याखाली नोंदवायला जायचं. त्या कायद्यात बौद्ध येतात, ख्रिस्ती येत नाहीत, आणि दोघंही त्यात बसावे लागतात. चर्चमधलं लग्न १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने होतं. त्याला दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी पुरतं. नाहीतर १९५४ चा विशेष विवाह कायदा: दोघांपैकी एकजण किमान ३० दिवस राहत असेल त्या जिल्ह्यात नोटीस, ३० दिवस थांबणं, नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न, सोबत तीन साक्षीदार. तीन महिने उलटले की नोटीस पुन्हा द्यावी लागते.

घाईत बाप्तिस्मा घेण्याआधी जातीच्या दाखल्याचा विचार करा. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात १९९० पासून बौद्ध आहेत, ख्रिस्ती नाहीत. ख्रिस्ती जोडीदाराशी लग्न केल्याने बौद्ध व्यक्तीचा दर्जा जात नाही. धर्म बदलल्याने जातो.

राहिली सतरावी. रिसेप्शनला टोस्ट असतोच. सगळ्यांच्या ग्लासात द्राक्षाचा रस भरायला केटररला आठवडाभर आधी सांगा. फक्त नवऱ्याच्या हातात वेगळा ग्लास दिलात, तर रात्रभर त्याचीच चर्चा होते.