मोबाइलचा वॉटरप्रूफ पाऊच आदल्या रात्रीच तपासा

पाऊच गळका आहे, हे नेमकं समुद्रात उतरल्यावर कळतं. दिवसभर फोटो, तिकिटं, नकाशा सगळं त्याच मोबाइलवर असतं, म्हणून एवढं कराच.

१. पाऊचमध्ये टिश्यू पेपर आणि मूठभर नाणी घाला. नाणी हवीतच, वजन नसेल तर पाऊच तरंगतो आणि तोंड बंद करणारा वरचा चिमटा पाण्याखाली जातच नाही.

२. बादलीत ३० मिनिटं पूर्ण बुडवून ठेवा.

३. बाहेरून, विशेषतः चिमट्याच्या खाचेत, नीट पुसून मगच उघडा. नाहीतर खाचेतलं पाणी आत ओघळतं आणि चांगला पाऊचही उगाच नापास होतो. कागदाचा कोपरा जरी ओला दिसला, तरी तो पाऊच वापरू नका.

मोबाइल खोलीतच कोरड्या हातांनी भरा. चिमट्यात वाळूचा एक कण किंवा केस अडकला तरी पाणी शिरतं, त्यामुळे किनाऱ्यावर उघडझाप नको. पाण्याखाली टचस्क्रीन नीट चालत नाही. कॅमेरा आधीच सुरू ठेवून आवाजाच्या बटणाने फोटो काढा.

जेट स्की किंवा बनाना राइडला मात्र मोबाइल किनाऱ्यावरच ठेवा. वेगात पाण्यावर आपटल्यावर चिमटा निसटू शकतो, बादलीतल्या चाचणीत ते कळत नाही.