ट्रेबुशे बनवताय? या चुका टाळा

नववीची मुलं विज्ञान प्रदर्शनासाठी ट्रेबुशे, म्हणजे जड वजन खाली पडताना लांब दांडा फिरवून गोफणीतून गोळा फेकणारं जुनं युद्धयंत्र, करायला घेतात, तेव्हा गोळा लांब गेला नाही की उपाय एकच ठरलेला: वाळूची पिशवी आणखी भरा! 2 किलोचे 4 होतात, 4 चे 6, आणि शेवटी दांडा मोडतो. दोष बहुतेक वेळा गोफणीत असतो.

पाखरं राखताना गोफण फिरवलेल्या कुणालाही विचारा. एक टोक बोटात अडकवलेलं, दुसरं नेमक्या क्षणी सोडायचं. इथेही तेच. एक दोरी दांड्याला पक्की, दुसरीच्या टोकाला कडी, आणि ती कडी दांड्याच्या टोकावरच्या खिळ्यावरून आपोआप निसटते. कधी निसटणार, ते खिळ्याच्या बाकावर ठरतं.

एका वर्षी प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी मीच मुलांना म्हणालो, "सगळे मागे उभे राहा, पुढे धोका आहे." खिळा सरळ होता. कडी लवकर सुटली, गोळा मागे उडाला आणि एका मुलीच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर फुटला. गोळा शाडूचा होता, तरी माझे हात थरथरत होते. तेव्हापासून माझ्या वर्गात फेकीच्या रेषेत पुढे-मागे कुणीही उभं राहत नाही. सगळे बाजूला, लांब, आणि दांडा अडवून धरणारी खिटी ओढायला 3 मीटर दोरी.

गोळा वर किंवा मागे जातोय? खिळा पुढे किंचित बाकवा. समोरच जमिनीत आपटतोय? थोडा सरळ करा. एका वेळी एकच बदल, तीन फेकी, वहीत अंतर. मुलं दोरी, वजन, खिळा सगळं एकदम बदलतात आणि मग नेमकं काय सुधारलं ते कुणालाच सांगता येत नाही. मला याचाच सर्वांत जास्त राग येतो.

सुरुवातीची मापं मी अशी घेतो: 60 सेंमीचा दांडा, आस (दांडा जिच्यावर फिरतो ती) वजनाच्या टोकापासून 12 सेंमीवर, गोफण लांब बाजूइतकी, 20 ग्रॅमच्या गोळ्याला 2 किलो वजन. वजन दांड्याला घट्ट बांधू नका, झुलतं ठेवा.

टेबल टेनिसचा चेंडू नको, 2.7 ग्रॅमला हवाच अडवते. ग्लू गनवर सांगाडा उभा करू नका, नट-बोल्ट लावा. आस अडखळत असेल तर वॉशर आणि थोडं ग्रीस. रबरबँड लावलेल्या यंत्राला ट्रेबुशे म्हणू नका, ट्रेबुशे वजनाच्या पडण्यावर चालतं.

आणि एका रविवारात उरकायचा हट्ट सोडा. 1304 मध्ये स्कॉटलंडच्या स्टर्लिंग किल्ल्यासमोर इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याचं 'वॉरवुल्फ' नावाचं प्रचंड ट्रेबुशे उभं करायला पाच मुख्य सुतार आणि पन्नासेक कामकरी राबत होते. तुम्ही चार जण आहात, तीन आठवडे तरी घ्या. त्यातला शेवटचा पूर्ण आठवडा फक्त फेकींसाठी ठेवा, मैदानात. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये यंत्र नेताना वजन काढून वेगळ्या पिशवीत न्या.