तिकिटापूर्वीचा कल: मध्य नागपुरात सर्वेक्षण करताना

पक्षाचं तिकीट कोणत्या इच्छुकाला मिळावं, याचं सर्वेक्षण चौकात उभं राहून करू नका. महालच्या चौकात भेटणारी माणसं म्हणजे मतदारसंघ नव्हे. मोमिनपुरा आणि तांडापेठ या वस्त्यांतली माणसं तिथं येत नाहीत. मतदार यादीचे ४० भाग (एका मतदान केंद्राची यादी म्हणजे एक भाग) चिठ्ठ्या टाकून निवडा आणि प्रत्येक भागातून ठरावीक अंतराने १० नावं घ्या. घर बंद असेल तर शेजाऱ्याला विचारून मोकळं होऊ नका, संध्याकाळी पुन्हा जा. मे महिन्यात दुपारी दार कोण उघडणार?

प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा. आधी कोणतंही नाव न घेता पसंती विचारा, मग पक्ष, आणि शेवटी इच्छुकांची यादी वाचा. यादीचा क्रम दर घरी बदला, नाहीतर पहिल्या नावाला फुकटची मतं मिळतात. खरं तर इतक्या लवकर बरेच जण ओळखीचं नाव सांगतात, त्याला पाठिंबा समजू नये. अमेरिकेत २००७ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीच्या देशपातळीवरील चाचण्यांत जुलियानी पुढे होते. २००८ मध्ये पक्षांतर्गत पहिलं मतदान झालं त्या आयोवा राज्यात जिंकले दुसरेच इच्छुक, हकबी.

४०० जणांत चूक साधारण ±५ टक्के, तीही नमुना सरळ यादृच्छिक, म्हणजे पूर्ण यादीतून थेट चिठ्ठ्या टाकून निवडलेला असेल तर. भागवार निवडीत ती वाढते. त्यातले एका पक्षाचे समर्थक १८० निघाले, तर त्यांच्यापुरती ती ±७ च्या वर जाते. म्हणून दोन इच्छुकांमधला चार टक्क्यांचा फरक ‘आघाडी’ म्हणून छापू नका. ‘अजून ठरलं नाही’ म्हणणाऱ्यांचा रकाना वेगळाच ठेवा. तो वाटून टाकला की आकडे खोटे होतात.