लेझर कटिंगमध्ये गॅसचं बिल फुगतंय? या चुका टाळा

भोसरी असो, वाळूज असो की कोल्हापूरची शिरोली, फायबर लेझरवर जॉबवर्क करणारा कुणीही भेटला की पहिलं रडगाणं गॅसचं, म्हणजे कापताना वितळलेला धातू फुंकून काढणाऱ्या नायट्रोजन-ऑक्सिजनचं. मग गॅसवाल्याशी घासाघीस होते, दर थोडा उतरतो, तरी महिनाअखेरीला बिल जिथल्या तिथे. दरावर भांडण्याआधी नोझलचं, म्हणजे गॅस सोडणाऱ्या तोंडाचं भोक आणि दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरचा काटा बघायला हवा. खरा हिशेब तिथेच होतो.

दोन मिलिमीटरच्या नोझलमधून 15 बारने नायट्रोजन सोडला तर तासाला साधारण 35 घनमीटर गॅस जातो. 47 लिटरच्या, 150 बारने भरलेल्या सिलिंडरमध्ये गॅस असतो जेमतेम सात घनमीटर. म्हणजे सलग सोडला तर बारा मिनिटांत सिलिंडर खलास. भोकाचा व्यास वाढला की वापर वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दीडच्या जागी दोनचं नोझल लावलं तर त्याच दाबाला जवळजवळ पावणेदोन पट गॅस लागतो. झिजून दोनचं सव्वादोन झालेलं नोझल ‘अजून चालतंय की’ म्हणून ठेवलं, तर सव्वापट. नव्या नोझलची किंमत आणि सिलिंडरची किंमत एकदा शेजारी शेजारी लिहून पाहा.

बर आली की दाब वाढवणे

सगळ्यात महागडी सवय हीच. एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) तुकड्याला खालून बर, म्हणजे कडेला चिकटून राहिलेला धातू, दिसली की ऑपरेटर दाब तीन बारने वाढवतो. बर थोडी कमी होते, तो आकडा प्रोग्रॅममध्ये तसाच राहतो आणि पुढची प्रत्येक शीट 15 ऐवजी 18 बारवर, म्हणजे वीसेक टक्के जास्त गॅस खाऊन निघते. मूळ दोष मात्र जागच्या जागी.

आधी बर कुठे आहे ते बघा. एकाच बाजूला असेल तर नोझल सेंटरला नाही. नोझलच्या तोंडाला सेलोटेप चिकटवा, कमी पॉवरचा एक पल्स मारा आणि टेप काढून उजेडात धरा. जळालेला ठिपका नोझलच्या गोल ठशाच्या बरोबर मधोमध हवा. सरकलेला असेल तर हेडवरच्या स्क्रूने सेंटर करा आणि पुन्हा टेप लावा. पाच मिनिटांचं काम आहे, पण घाईच्या दिवशी नेमकं तेच राहतं.

चारही बाजूंना कडक बर असेल तर फोकस (किरण एकवटतो ती जागा) आणि स्पीड तपासा. नायट्रोजनवर एसएस कापताना फोकस शीटच्या पृष्ठभागाखाली लागतो. सकाळी स्वच्छ कापणारं मशीन दुपारी बर सोडायला लागलं तर प्रोटेक्शन ग्लास, म्हणजे लेन्सला जपणारी काच, काढून बघा. डागाळलेली काच तापते आणि फोकस सरकतो. कड पिवळट पडली तर गॅसमध्ये हवा मिसळली असण्याची शक्यता जास्त. सिलिंडर बदलल्यावर होज पर्ज केला नसेल, म्हणजे थोडा गॅस सोडून आतली हवा काढली नसेल, तर पहिल्या काही तुकड्यांना हे हमखास होतं.

एवढं सगळं ठीक निघालं, तरच दाबाला हात लावा.

बंद गॅसवर काटा वाचणे

व्हॉल्व्ह बंद असताना रेग्युलेटर 16 दाखवतो आणि कापताना 11 वर येतो. बारीक होज, लांब लाइन, छोटा रेग्युलेटर, कारण काहीही असो, हेडपाशी दाब पोचतच नाही. तेव्हा काटा नेहमी गॅस चालू असताना वाचा. पडत असेल तर रेग्युलेटर पिळत बसू नका, मोठ्या बोअरची लाइन टाका.

सिलिंडर की ड्युरा?

15 बारवर कापायचं तर सिलिंडरमध्ये वीसेक बार उरले की तो उतरवावाच लागतो. 150 मधले 20 म्हणजे पैसे मोजलेला तेरा टक्के गॅस गॅसवाल्याकडे परत. हा उरलेला गॅस कॉस्टिंगमध्ये धरणारा मला क्वचितच भेटला. काम वाढलं की ड्युरा, म्हणजे द्रव गॅसची टाकी, परवडतो, कारण एक लिटर द्रव नायट्रोजनचा सुमारे 690 लिटर गॅस होतो. पण ड्युरा रोज दोनेक टक्के आपोआप उडवतो, काम असो वा नसो. गणपतीच्या सुट्टीआधी भरून ठेवलेला ड्युरा सेफ्टी व्हॉल्व्हमधून फुसफुसत पैसे उडवतो. एकदम जास्त गॅस ओढला तर अंगावर बर्फ धरतो आणि दाब पडतो, तिथे द्रवाचा गॅस करणारा वेगळा व्हेपोरायझर लागतो. आणि नायट्रोजन बंद खोलीत कधीच नको. गळती झाली तर वास येत नाही, माणूस थेट कोसळतो.

‘एमएस म्हणजे ऑक्सिजन’ आणि ‘हवा फुकट’

जाड एमएसला, म्हणजे माइल्ड स्टीलला, ऑक्सिजनच बरा. लोखंड स्वतः जळून कापायला मदत करतं, जाड प्लेटला एक बारच्या आसपास दाबही पुरतो. पण एक मिलिमीटरची शीट त्याच सवयीने ऑक्सिजनवर कापली तर नायट्रोजनच्या मानाने स्पीड कित्येक पट कमी मिळतो. शिवाय कडेवर ऑक्साइडचा थर बसतो. तो घासला नाही तर पावडर कोटिंग कडेपासून सुटतं, आणि घासायला माणूस लागतो. गॅसचे वाचलेले पैसे ग्राइंडरवाल्याच्या हजेरीत जातात.

पातळ एमएस आणि जीआयला (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याला) कॉम्प्रेस्ड हवा चांगली चालते, पण फुकट नाही. 15 किलोवॉटचा स्क्रू कॉम्प्रेसर पूर्ण लोडवर तासाला पंधरा युनिटच्या वर घेतो. तीन किलोवॉटचा लेझर सोर्स स्वतः दहाच्या आसपास घेतो. पावसाळ्यात ड्रायरचा ड्रेन अडकला किंवा तेलाचा फिल्टर भरला, की पाणी-तेल सगळं प्रोटेक्शन ग्लासवर येतं.

फक्त कटिंगच्या मीटरवर कोटेशन देणे

जाळीचं पॅनेल आणि साधी चौकट यांची कटिंग लांबी सारखी असू शकते, पण जाळीत शेकडो पिअर्सिंग, म्हणजे कट सुरू करायला पाडलेली भोकं, असतात. प्रत्येक पिअर्सिंगला वेळ जातो, गॅस जातो, काचेवर ठिणग्या उडतात. शीटवर तुकडे मांडून देणारं नेस्टिंग सॉफ्टवेअर पूर्ण सायकल टाइम दाखवतं. त्यावरून दर काढा आणि पिअर्सिंगचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे लावा.

राहिली गळती. शनिवारी संध्याकाळी लाइन भरलेली असताना सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद करा आणि काटा लिहून ठेवा. थंडीने थोडाफार हलेल, पण सोमवारी निम्म्यावर आलेला दिसला तर साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोड तपासा. सुरुवात सिलिंडरला जोडणाऱ्या पिगटेल नळीपासून करा, कारण रोज खोल-बंद होणारा जोड तोच. ऑक्सिजनच्या जोडाला मात्र साधं तेलकट फडकंही लावू नका.