पीयूसीत नापास झालेली गाडी खासगीरीत्या विकताना: विक्रेत्याने घ्यावयाची कायदेशीर काळजी

पीयूसी केंद्रावर गाडी नापास झाली की पुष्कळ मालकांच्या मनात दुरुस्तीच्या आधी विक्रीचाच विचार येतो. हा विचार मुळात बेकायदेशीर नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १८२-अ (१) नुसार नियमबाह्य स्थितीतील वाहन विकल्याबद्दल होणारी शिक्षा उत्पादक, आयातदार आणि वाहनांचा व्यापार करणारे डीलर यांच्यासाठी आहे. स्वतःच्या वापरातील एखादी जुनी गाडी ओळखीतून किंवा जाहिरात देऊन विकणारा मालक त्या कलमात येत नाही. त्याला धोका असतो तो दुसऱ्या बाजूने. गाडी दारातून निघून जाते, पैसे खात्यात जमा होतात, पण आरटीओच्या नोंदीत मालक म्हणून त्याचेच नाव राहते, आणि ते तसे राहण्याचे कारण बहुधा तेच नापास झालेले पीयूसी असते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. महाराष्ट्रात गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना फॉर्म २९ (हस्तांतरणाची सूचना) आणि फॉर्म ३० (हस्तांतरणाचा अर्ज), आरसी, चालू विमा आणि चालू पीयूसी असे कागद द्यावे लागतात. गाडी चाचणीत उत्तीर्णच होत नसेल तर खरेदीदाराचा अर्ज तिथेच अडतो. तो ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणतो, गाडी मात्र वापरत राहतो. कलम ५० प्रमाणे त्याच राज्यातील व्यवहारात विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतरण कळवायचे असते; गाडी दुसऱ्या राज्यात, समजा कोल्हापुरातून गोव्यात, जाणार असेल तर विक्रेत्याला ना-हरकत प्रमाणपत्रासह ४५ दिवसांची मुदत मिळते. या मुदती उलटून गेल्या तरी गाडी रस्त्यावर धावतच असते, आणि तिचा ‘मालक’ कोण, या प्रश्नाला कायद्याचे उत्तर ‘ज्याच्या नावे नोंद आहे तो’ असेच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात हे निःसंदिग्धपणे सांगितले. त्या प्रकरणातील गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकली जात चौथ्या माणसाच्या हाती गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावे राहिली होती. २००९ मध्ये अपघात झाला आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्या पहिल्या, नोंदणीकृत मालकावरच ठेवण्यात आली. ज्याने गाडी दोन वर्षांपूर्वीच विकली होती, त्याच्यावर! पीयूसीअभावी ज्याची गाडी नावावरून उतरत नाही, त्याने हा निकाल लक्षात ठेवूनच व्यवहाराला बसावे.

विम्याबाबत थोडक्यात एवढेच. पीयूसी नाही म्हणून विमा कंपनीला अपघाताचा दावा नाकारता येत नाही, असे विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले आहे, आणि विमा नूतनीकरणासाठी पीयूसीची जी अट २०१७ मध्ये घातली गेली होती ती सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये काढून टाकली. कलम १५७ प्रमाणे तृतीय पक्षाचे (अपघातात इतरांना झालेल्या नुकसानीचे) संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे गेले असे मानले जाते. परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग पॉलिसी नावावर करून घेतल्याशिवाय त्याला मिळत नाही, आणि पॉलिसीची मुदत संपल्यावर त्याने ती नव्याने घेतलीच नाही तर जुन्या मालकाला कोणतेही संरक्षण उरत नाही.

विक्रीच्या आधीही एक धोका आहे आणि तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कलम १९० (२) केवळ गाडी चालवणाऱ्याला लागू होत नाही. प्रदूषणाच्या मानकांचे उल्लंघन करणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी जो ‘चालवू देतो’ त्यालाही ते लागू होते. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिन्यांसाठी वाहन चालवण्याच्या परवान्यावर गदा, अशी तरतूद आहे. म्हणून नापास गाडीची किल्ली गिऱ्हाईकाच्या हाती देऊन ‘एक चक्कर मारून या’ म्हणणे टाळावे. गाडी सोसायटीच्या आवारात उभी ठेवून इंजिन चालू करून दाखवावे, आणि फेरफटका मारायचाच असेल तर तो दुरुस्तीनंतर व नव्या पीयूसीनंतर.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. चाचणीत गाडी नापास झाल्यावर केंद्राकडून ‘रिजेक्शन स्लिप’ मागून घ्यावी. जून २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने ही पावती देशभर एकाच नमुन्यात देण्याची व्यवस्था केली आहे. ती गॅरेजमध्ये दाखवता येते, आणि यंत्रातच दोष असल्याची शंका असेल तर दुसऱ्या केंद्रावर चाचणी करून तिची पडताळणीही करता येते. पावतीवरचे आकडे वाचायला शिकावे. पेट्रोलवरील बीएस-४ (भारत स्टेज-४ या उत्सर्जन मानकाच्या) मोटारीला इंजिन आयडलवर, म्हणजे गाडी उभी ठेवून नुसते चालू, असताना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. त्याआधीच्या बीएस-२ आणि बीएस-३ मोटारींना हीच मर्यादा ०.५ टक्के व ७५० पीपीएम आहे. डिझेल गाडीचा धूर मोजताना बीएस-४ साठी १.६२ आणि त्याआधीच्या गाड्यांसाठी २.४५ हा प्रकाश-शोषण गुणांक (धूर किती प्रकाश अडवतो त्याचे माप) कमाल मर्यादा म्हणून धरतात. आकडा मर्यादेच्या किंचित वर असेल तर एअर फिल्टर, स्पार्क प्लग, ऑक्सिजन सेन्सर एवढ्यावर काम भागते, आणि कधी कधी तर इंजिन पुरेसे गरम न करता चाचणी दिली एवढेच कारण निघते. कित्येक विक्रेते ज्या दोषापायी किंमत पाडून देतात, तो हजार-दोन हजारांत निघणारा असतो.

आकडा मर्यादेच्या कित्येक पट असेल तर मात्र प्रकरण वेगळे. पेट्रोल गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) निकामी झालेला असतो, किंवा तो काढून त्या जागी साधा पाइप जोडलेला असतो. असा पाइप आधीच्या मालकाने बसवला असला तरी आज आरसीवर नाव असलेल्या माणसालाच प्रश्न विचारले जातात. कलम १८२-अ (४) नुसार गाडीत बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. विकण्यापूर्वी गॅरेजकडून गाडीखालची पाहणी करून तिचा लेखी अहवाल घ्यावा, तो याचसाठी.

त्यानंतरचा प्रश्न असा, की नापास झाल्याचे गिऱ्हाईकाला सांगणे बंधनकारक आहे काय? भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ मध्ये याचे उत्तर घोड्याच्या उदाहरणाने दिले आहे. ‘अ’ लिलावात सदोष घोडा विकतो आणि काही बोलत नाही, तर ती फसवणूक नव्हे. पण ‘ब’ म्हणाला, ‘तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन’, आणि ‘अ’ गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच मानले जाते. आजच्या व्यवहारात हा ‘ब’ व्हॉट्सॲपवर भेटतो. ‘पीयूसी वगैरे सगळं क्लिअर आहे ना?’ असा त्याचा संदेश येतो, आणि विक्रेता त्यावर नुसता अंगठा टाकतो. तो अंगठा पुढे पुरावा म्हणून उभा राहतो. याच कलमाच्या दुसऱ्या उदाहरणात घोडा घेणारी ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे, आणि त्या नात्यामुळे बापावर दोष सांगण्याचे कर्तव्य येते, तेव्हा ‘घरातलाच व्यवहार आहे, त्याला काय सांगायचे’ ही समजूत कायद्याच्या नेमकी उलट आहे. जाणूनबुजून दोष झाकला तर करार रद्द होऊन पैसे परत करावे लागू शकतात, आणि सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू दिसला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फौजदारी तक्रारही होऊ शकते.

म्हणून दोष लिहून द्यावा. ‘गाडी जशी आहे तशी विकली’ हे मोघम वाक्य पुरेसे नाही. मुद्रांकावरील विक्री करारात असा परिच्छेद असावा:

‘सदर वाहनाची दिनांक ____ रोजी प्रदूषण चाचणी घेण्यात आली असता ते अनुत्तीर्ण ठरले असून त्याची पावती या करारास जोडली आहे. खरेदीदाराने ती वाचली आहे, स्वतःच्या पसंतीच्या कारागिराकडून वाहन तपासून घेतले आहे व दोष विचारात घेऊनच किंमत मान्य केली आहे. वैध पीयूसी मिळून हस्तांतरण पूर्ण होईपर्यंत वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवले जाणार नाही.’

यातील शेवटचे वाक्य गाळू नये. खरेदीदाराने ते मोडले तर अपघातग्रस्ताला द्यावी लागणारी भरपाई टळत नाही, पण ती रक्कम खरेदीदाराकडून वसूल करण्यास आधार मिळतो.

एजंट अशा वेळी एक सोपा मार्ग सुचवतात: गाडी न नेताच पीयूसी काढून देतो. हा मार्ग पूर्णपणे टाळावा. प्रमाणपत्रावर गाडीचे छायाचित्र असते, त्याची नोंद ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत जाते, आणि खोटा दस्तऐवज खरा म्हणून वापरणे हा संहितेच्या कलम ३४० खालचा गुन्हा आहे. नापास गाडी विकणे हा गुन्हा नव्हता. या कागदाने तो झाला.

ताबा देण्याचा क्रम असा ठेवावा. आधी विसार घ्यावा. मग दुरुस्ती कोणाच्या खर्चाने होणार ते ठरवून, शक्यतो आपल्याच नावे, नवे पीयूसी काढावे. मग हस्तांतरणाचा अर्ज भरावा, आणि त्यानंतर उरलेली रक्कम घेऊन किल्ली द्यावी. गाडीवर कर्ज असेल तर आधी बोजा उतरवून घ्यावा. गिऱ्हाईक दुरुस्ती स्वतःच करणार असेल तर गाडी चालवत न देता टोइंगने त्याच्या गॅरेजला पोहोचवावी, आणि ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहावी, कारण कॅमेऱ्याचे ई-चलन मिनिटाच्या हिशेबाने येते.

गाडीला १५ वर्षे होत आली असतील तर नोंदणी नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांचा खर्चही धरावा; तो आणि दुरुस्ती मिळून किमतीच्या वर जात असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी जमा करून तिथले जमा प्रमाणपत्र घ्यावे आणि आरसी रद्द करून घ्यावी. रस्त्याकडेच्या भंगारवाल्याला दिलेल्या गाडीची आरसी जिवंतच राहते. गाडी एखाद्या डीलरला द्यायची असेल तर एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तो आरटीओचा प्राधिकृत डीलर आहे का ते पाहावे. अशा डीलरला गाडी सोपवल्याची सूचना पोर्टलवर नोंदवली की पुढील जबाबदारी त्याची मानली जाते.

खासगी व्यवहारात ताबा दिल्यापासून तीस दिवसांनी एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून मालकाचे नाव पाहावे. ते बदललेले नसेल तर खरेदीदाराला लेखी नोटीस द्यावी, आणि फॉर्म २९ ची प्रत, करार व ताबा पावती जोडून आरटीओला पत्र देऊन त्यावर आवक क्रमांक घ्यावा. एवढ्याने नाव आपोआप उतरत नाही. पण पुढे पोलीस ठाण्यात किंवा न्यायाधिकरणापुढे गाडी कोणाच्या ताब्यात होती हे दाखवण्यासाठी तो आवक क्रमांकच हाती असतो.