पेव्हर ब्लॉकचा ड्राइव्हवे: साहित्याचा हिशेब आणि बसवणी

ब्लॉक खचले की दोष बहुधा ब्लॉकचा नसतो, खालच्या थराचा असतो. म्हणून रंग आणि नक्षी निवडण्याआधी खोलीचा हिशेब मांडा. मोटारीसाठी ६ सेंमी जाडीचे ब्लॉक पुरतात. जड वाहने येणार असतील तर ८ सेंमी घ्या. ६ सेंमीच्या ब्लॉकखाली ४ सेंमी वाळू आणि तिच्याखाली दाबून घट्ट केलेला १५ सेंमी खडीचा थर, म्हणजे खोदाई २५ सेंमी. जमीन चिकणमातीची असेल तर खडी २० ते २५ सेंमी करा आणि तिच्याखाली जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. नाहीतर ओली माती हळूहळू खडीत शिरते.

१० मीटर लांब, ३ मीटर रुंद ड्राइव्हवे धरू: ३० चौरस मीटर. २० × १० सेंमीचे ब्लॉक चौरस मीटरला ५० लागतात, म्हणजे १,५००. कापकाम आणि तुटफूट धरून १,६५० मागवा. दाबलेली खडी साडेचार घनमीटर हवी, तर सैल खडी त्याहून पावपट जास्त आणावी लागते. वाळू सुमारे दीड घनमीटर. खोदलेली माती सैल झाली की नऊ घनमीटरच्या पुढे जाते. ती कुठे टाकायची हेही आधीच ठरवा. अंदाजपत्रकात हा खर्च हमखास सुटतो.

१. आखणी आणि उतार. खुंट्या ठोकून दोरी बांधा. पाणी घरापासून दूर जाईल असा, मीटरला दीड सेंमी उतार द्या. ब्लॉकची वरची पातळी घराच्या जोत्याच्या निदान १५ सेंमी खाली राहू द्या. खोदण्याआधी पाण्याचे पाइप आणि वीजवाहिन्या कुठून जातात ते पाहून घ्या.

२. खडीचा थर. इथे घाई करू नका. लहानमोठ्या आकाराची मिश्र खडी आणि चुरी एकत्र असलेले साहित्य घ्या. एकाच मापाच्या खडीत पोकळ्या राहतात. एका वेळी ७ ते १० सेंमी पसरा, किंचित ओले करा, प्लेट कॉम्पॅक्टर (सपाट पत्र्याच्या कंपनाने थर दाबणारे यंत्र) फिरवा, मगच पुढचा थर. उतार याच थरात पूर्ण झाला पाहिजे. खड्डे वाळूने भरून पातळी साधली, तर नेमक्या तिथेच पुढे चाकाखाली खळगे पडतात.

३. कडा. कडेचे दगड काँक्रीटमध्ये पक्के बसवा. कड सैल राहिली की ब्लॉक बाजूला सरकतात आणि सांधे उघडतात.

४. वाळू आणि ब्लॉक. जाडसर, धुतलेली वाळू पसरून सरळ पट्टीने ओढून घ्या. त्यावर पाय देऊ नका. बसवलेल्या ब्लॉकवर उभे राहून पुढे सरका. वाहनासाठी हेरिंगबोन रचनाच (एकमेकांना काटकोनात, नागमोडी बसवलेले ब्लॉक) निवडा, कारण ब्रेक आणि वळणाचा जोर ती सर्व दिशांना वाटते. सरळ रांगा दिसायला छान, पण कालांतराने सरकतात. दोन-तीन गठ्ठ्यांतले ब्लॉक मिसळून लावले की रंगाचे पट्टे पडत नाहीत.

५. दाबणी आणि सांधे. कॉम्पॅक्टरला रबरी पॅड लावून फिरवा, पण कड नसलेल्या मोकळ्या टोकापासून एक मीटर अलीकडे थांबा. मग कोरडी बारीक वाळू झाडूने सांध्यांत भरा आणि पुन्हा दाबा. सांधे तुडुंब भरले की गाडी लगेच नेता येते. काही आठवड्यांनी वाळू खाली बसते, तेव्हा ती पुन्हा भरून घ्या.