आधी पाणी, मग गोल्डफिश: तयारीची यादी

गोल्डफिश पाळायचं ठरलं की पाय आधी दुकानाकडे वळतात. ते महिना-दीड महिना आवरा. ही यादी त्या मधल्या दिवसांची आहे आणि मासा तिच्यात बराच खाली येतो.

पहिली नोंद टाकीची. काचेचा गोल बाउल डोक्यातून काढून टाका. गोल्डफिश सहज 10 ते 15 वर्षं जगतो, निगा चांगली असेल तर 20 च्या पुढेही जातो. बाउलमध्ये तो काही महिन्यांत मरतो आणि मग लोक म्हणतात, हा मासा फार टिकतच नाही. दुकानात बोटाएवढा दिसणारा फँटेल, ओरँडा किंवा ब्लॅक मूर पुढे 15 ते 20 सेंमी होतो. साधा एका शेपटीचा गोल्डफिश आणि कॉमेट तर 25-30 सेंमीपर्यंत वाढतात, पोहायलाही जोरदार; ते खरे हौदाचे मासे. म्हणून नवख्याने दुहेरी शेपटीच्या गोलमटोल जातींतले दोन मासे घ्यावेत आणि त्यांच्यासाठी किमान 120 लिटरची टाकी धरावी. उंच टाकीपेक्षा लांब-रुंद टाकी बरी, कारण हवेतला ऑक्सिजन पाण्याच्या वरच्या थरातूनच आत मिसळतो.

टाकी घेण्याआधी तिची जागा नक्की करा. 120 लिटर पाणी म्हणजे 120 किलो, त्यावर काच आणि वाळू. एवढं वजन साध्या टेबलावर ठेवू नका, मजबूत स्टँड घ्या आणि पाणसळ लावून तो समतल आहे का ते बघा. तिरक्या स्टँडवर काचेच्या जोडांवर ताण येतो. थेट ऊन येणारी खिडकी टाळा. शेवाळ माजतं आणि दुपारी पाणी तापतं. फिल्टरची वायर प्लगपर्यंत ताणून नेऊ नका, मध्ये प्लगच्या खाली येईल अशी लोंबती ठेवा. वायरवरून ओघळलेलं पाणी मग प्लगमध्ये न शिरता तिथूनच खाली टपकतं.

सामानात सगळ्यात आधी फिल्टर. गोल्डफिश भरपूर खातो आणि तेवढीच घाण करतो, त्यामुळे तासाला टाकीतलं पाणी पाच-सहा वेळा फिरवणारा फिल्टर हवा. 120 लिटरला ताशी 600 ते 700 लिटर. सोबत एअर पंप, आणि त्याच्या नळीत उलटं पाणी अडवणारा छोटा व्हॉल्व्ह. पंप टाकीच्या पाण्यापेक्षा खाली ठेवला असेल तर वीज गेल्यावर पाणी नळीतून त्याच्यात उतरतं, ते हा व्हॉल्व्ह थांबवतो. शिवाय थर्मामीटर, अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवणारं द्रावण), सायफनची नळी, जाळी, झाकण, आणि साबण कधीच न लागलेल्या दोन बादल्या. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजणारं थेंबांचं टेस्ट किटही घ्या. पैसे कमी पडत असतील तर सजावट वगळा, किट वगळू नका. हीटर सहसा लागत नाही. या माशांना 18 ते 22 अंशांचं पाणी मानवतं.

तळाशी बारीक वाळू घाला, नाहीतर माशाच्या तोंडात मावणार नाहीत असे मोठे गोटे. गोल्डफिश दिवसभर तळ उकरतो, तोंडात घास भरतो, चाळतो आणि थुंकतो. मधल्या आकाराची खडी त्याच्या घशात अडकते. वाळू धुताना वरचं पाणी नितळ होईपर्यंत धुवा, दहा-बारा पाणी लागली तरी चालतील. टोकदार शोभेच्या वस्तू नकोत, ब्लॅक मूरच्या बाहेर आलेल्या डोळ्यांना इजा होते. झाडं हवी असतील तर अनुबियास किंवा जावा फर्न लाकडाला बांधा. मऊ पानांची बाकीची झाडं मासे खाऊन टाकतात.

आता या यादीतलं सगळ्यात मोठं काम, आणि नेमकं तेच बहुतेक जण गाळतात. मासा कल्ल्यांमधून सतत अमोनिया सोडतो. उरलेलं अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. तो विषारी असतो आणि पाणी आरशासारखं स्वच्छ दिसत असतानाही त्यात असू शकतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने सौम्य. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतात. त्यांची वस्ती बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात आणि तेवढे दिवस टाकी माशांविना चालवायची.

टाकी भरा, अँटी-क्लोरीन घाला, फिल्टर चोवीस तास सुरू ठेवा. सुगंध किंवा साबण नसलेलं अमोनियाचं द्रावण थेंबाथेंबाने घालून किटवर 2 पीपीएम (लिटरमागे 2 मिलिग्रॅम) येऊ द्या. ते मिळत नसेल तर रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाका, ते कुजून तेच काम करतं. दर दोन-तीन दिवसांनी मोजा आणि वहीत लिहा. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं आणि नायट्रेट दिसू लागतं. घातलेला 2 पीपीएम अमोनिया 24 तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य असलं की टाकी तयार. ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरता स्पंज मिळाला तर हे खूप लवकर होतं. नायट्रेट उतरवायला बरंचसं पाणी बदला आणि मग मासे आणायला जा.

दुकानात पर ताठ उघडून पोहणारा, खाण्यावर झेपावणारा मासा निवडा. त्याच टाकीत एक जरी मासा मेलेला दिसला तरी तिथून घेऊ नका. घरी आल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग उघडून अर्ध्या तासात वाटी-वाटीने टाकीचं पाणी तिच्यात घाला. मासा जाळीने उचलून सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता. त्या दिवशी टाकीचा दिवा बंद, खाणंही बंद. पुढे कधी नवा मासा आणलात तर तीन-चार आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवूनच त्याला यांच्यात सोडा.

गोल्डफिशला जठर नसतं. अन्न थेट आतड्यात जातं, म्हणून थोडं थोडं द्यायचं: दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल इतकंच. बुडणारे दाणे घ्या. अधूनमधून उकडून साल काढलेला मटार द्या. तुम्हाला पाहून मासा काचेपाशी धावत येईल, भूक असो वा नसो.

दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. सायफनने तळाची घाण ओढा, नवं पाणी त्याच तापमानाचं घ्या आणि आधी अँटी-क्लोरीन घाला. रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो, काही ठिकाणी नळाच्या पाण्यात क्लोरीनऐवजी घातलेलं क्लोरामाइन मात्र उडत नाही. नायट्रेट 40 पीपीएमच्या खाली ठेवा, 20 च्या आसपास असेल तर उत्तम. स्पंज मात्र टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात. एकदा मी तो नळाखाली अगदी पांढरा होईस्तोवर धुतला होता. तिसऱ्या दिवशी दोन्ही मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते आणि अमोनिया मोजताना पिवळं राहायला हवं होतं ते किटमधलं पाणी गडद हिरवं आलं होतं. पुढचे दोन आठवडे रोज अर्धं पाणी बदललं तेव्हा मासे वाचले.

मासा तळाशी बसून राहिला, पर मिटून घेतले किंवा वर येऊन धापा टाकू लागला, तर औषधाआधी पाणी मोजा. बहुतेक वेळा कारण पाण्यातच सापडतं. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर ती व्हाइट स्पॉट नावाची परजीवीची लागण, तिच्यावर उपचार लागतात. उकाड्याच्या दिवसांत एक एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीच्या टोकाला बसणारा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) जास्त लावा. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच, आणि नेमकं तेव्हाच माशाला तो जास्त लागतो. वीज जात असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ ठेवा.

दोन-तीन दिवस बाहेरगावी जायचं असेल तर मोठ्या, निरोगी माशांना खाणं नसलं तरी चालतं. जास्त दिवस जाणार असाल आणि शेजाऱ्यांवर सोपवणार असाल, तर एकेका दिवसाचे दाणे कागदाच्या पुड्यांत बांधा, प्रत्येक पुडीवर वार लिहा आणि खाद्याचा डबा कपाटात ठेवून द्या.